टर्बोची गोधडी

गॅरेजांच्या त्या गल्लीत सगळे त्यांना गोधडीबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्या शिवायच्या ती गोधडीच होती. फक्त ती माणसाच्या अंगावर घालायची नव्हती, इंजिनाच्या अंगावर घालायची होती.

ज्याने टर्बोची गाडी कधी लांब चढावर ताणली नाही, त्याला हे काय प्रकरण आहे ते चटकन कळायचं नाही. इंजिनातून जो जळका धूर बाहेर पडतो, त्याच्याच जोरावर टर्बोचं चक्र गरगरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. गाडीला जोर येतो, मालक खूश होतो. पण तो धूर म्हणजे निव्वळ आग. चढ चढून आलेल्या गाडीचं बॉनेट उघडावं तर टर्बोचं लोखंड लालबुंद झालेलं दिसतं. आणि बॉनेटखाली जागा ती केवढी! वायरी, रबरी नळ्या, ब्रेक ऑइलची प्लॅस्टिकची बाटली, बॅटरी, सगळे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले. वायरींची सालं कडक होऊन गळून पडतात, नळ्या तडकतात, बॉनेटच्या रंगाला फोड येतात. त्यात इंजिन जी हवा आत ओढतं तीही तापलेलीच, म्हणजे जोर वाढवायला बसवलेल्या टर्बोनेच जोर खायचा.

बाईंचे यजमान या गल्लीतले नावाजलेले मेकॅनिक. बाई तेव्हा घरी बसून पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायच्या. एकदा जेवताना यजमान करवादले, की त्याच त्या गाडीच्या त्याच त्या वायरी बदलून आता जीव विटला. बाई म्हणाल्या, "मग झाका की त्या मेल्याला. गरम पातेलं आपण फडक्याने धरतोच ना?" यजमान ठसका लागेपर्यंत हसले. काही दिवसांनी मात्र ते काचेच्या धाग्याच्या कापडाचा तागा काखोटीला मारून घरी आले आणि काही न बोलता त्यांनी तो शिलाई मशीनवर ठेवला. ते हसणं बाईंनी त्यांना आयुष्यभर ऐकवलं.

तर अशी ती गोधडी. बाहेरून काचेच्या धाग्याचं जाड कापड, आत भट्टीला लावतात तसली पांढरी लोकर, वरून बारीक पोलादी जाळी. कडेला आकडे शिवायचे आणि टर्बोवर चढवली की त्या आकड्यांतून तार ओवून आवळायची. आग आतल्या आत धुराबरोबर मागच्या नळीने निघून जाते, शेजाऱ्यांना तिचा त्रास होत नाही. काम कटकटीचं, कारण त्या कापडाची कुसं अंगात शिरतात आणि अशी खाज सुटते की माणूस स्वतःचं कातडं काढून खुंटीला टांगेल. भर उन्हाळ्यात बाई लांब बाह्यांचा झगा घालून, तोंडाला फडकं बांधून बसायच्या. संध्याकाळी थंड पाण्याने अंघोळ होईपर्यंत कुणी त्यांना शिवायचं नाही, हा घरातला कायदा. त्यांची एकुलती एक मुलगी लहानपणी बाथरूमच्या दाराबाहेर फतकल मारून बसायची आणि आतून पाण्याचा आवाज थांबला की ओरडायची, "आता येऊ?"

बाईंचे कामाचे दोनच नियम होते. पहिला, झाकायचं ते फक्त टर्बोचं गरम अंग. मधल्या भागाला हात लावायचा नाही. तिथे वरून ऑइल येतं, चक्राच्या दांड्याला गार ठेवतं आणि खालच्या नळीने परत जातं. तो भाग उघडा हवा, वारा लागायला हवा, आणि मुख्य म्हणजे दिसायला हवा. दुसरा नियम यजमानांचा. गॅरेजात रात्री मुक्कामाला असलेल्या प्रत्येक गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी चहाच्या आधी तो बघायचा. कुठे थेंब पडलाय, काळा की हिरवा, यावरून गाडीचं दुखणं कळतं. "मालक थापा मारतो, गाडीही मारते," यजमान म्हणायचे, "पुठ्ठा मारत नाही." ते गेले, गॅरेज धाकट्या दिरांकडे आलं, पण पुठ्ठे तसेच चालू राहिले.

आणि ही सगळी गोष्ट त्या पुठ्ठ्यानेच केली.

मुलगी बापावर गेली होती. शिलाईचं नाव काढलं की तोंड वाकडं, पाना हातात दिला की कळी खुललेली. घाटापलीकडच्या शहरात बसगाड्यांचा मोठा डेपो होता. तिथल्या इंजिन विभागात तिला नोकरी लागली. राहायचं तिथेच. ही बातमी तिने सांगितली तेव्हा बाईंनी सुईत दोरा ओवता ओवता "बरं" म्हटलं, आणि त्यानंतर घरात बोलणं म्हणून झालं नाही. बाई चिडल्या होत्या का? चिडल्या होत्याच, पण त्याहून जास्त घाबरल्या होत्या. पोर एकटी राहणार, दर सुट्टीला त्या घाटातून एकटी ये-जा करणार, तीही यजमानांच्या त्या जुन्या टर्बोच्या गाडीने. हे सरळ बोलून दाखवायचं सोडून बाई मशीनवर बसल्या आणि गोधडी शिवू लागल्या.

पोटच्या पोरीच्या गाडीची गोधडी ती. लोकर दुहेरी घातली. जाळी दुहेरी घातली. तरी मन भरेना. मग बाईंनी ती गोधडी मधल्या भागावरून पुढे आणली, आणि खाली ऑइलच्या नळीला गुंडाळेल अशी एक लांब जीभही जोडली. दुसऱ्या कुणी असं शिवलं असतं तर बाईंनी त्याला चार माणसांत फैलावर घेतलं असतं. पण त्या दिवसांत त्यांचे हात त्यांच्या भीतीचं ऐकत होते, नियमाचं नाही.

त्या नळीच्या जोडातून ऑइलचा एक थेंब रोज पडायचा. दिरांनी बोल्ट आवळून पाहिले होते आणि जोडातलं पॅकिंग मागवलं होतं. ते यायच्या आधीच गोधडी तयार झाली. बाईंनी ती स्वतः चढवली, गाडी गॅरेजच्या आवारात एकदा सुरू करून बंद केली आणि खाली पुठ्ठा सरकवला. सकाळी पुठ्ठा कोरा. दुसऱ्या दिवशीही कोरा. बाईंना वाटलं, भाऊजींनी जोड दुरुस्त केला. भाऊजींना वाटलं, आपलं आवळणं लागू पडलं. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

निघायच्या सकाळी मुलीने बॅगा भरल्या. बाई गाडीजवळ आल्या त्या थेट बॉनेटपाशी.

"नवीन कापड आहे. पहिल्यांदा तापलं की धूर येईल. चढावर येईल. घाबरून थांबू नकोस, आपोआप जातो. घाटात एकटी थांबायचं नाही."

"एवढंच बोलायचंय तुला?" मुलीने विचारलं.

"एवढंच."

मुलगी दार आपटून गाडीत बसली आणि गेली. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर बाईंचे डोळे भरून आले, ते त्यांनी झग्याच्या बाहीने पुसले आणि बाहीतली कुसं डोळ्यांत गेली. मग बराच वेळ त्या नळाखाली डोळे धूत उभ्या राहिल्या.

डोळे पुशीत त्या गॅरेजात आल्या तेव्हा सुट्या भागांचा माणूस दिरांच्या हातात एक छोटी पुडी ठेवून जात होता. दिरांनी ती फोडली. आत नखाएवढ्या जाडीचं, दोन भोकांचं पॅकिंग.

"आता आलं बघा," दीर म्हणाले. "वरातीमागून घोडं. गळती थांबल्यावर याचं काय लोणचं घालू?"

बाई थबकल्या. "तुम्हीच थांबवलीत ना? नळी काढली होती ना तुम्ही?"

"मी कशाला काढू? हे पॅकिंगच नव्हतं. नुसते बोल्ट आवळले होते."

"ते तर थेंब पडत होता तेव्हाही आवळलेले होते, भाऊजी."

"हो, पण पुठ्ठा कोरा होता की. तुम्हीच नाही का दाखवलात?"

बाईंनी भिंतीशी ठेवलेला तो पुठ्ठा उचलला. स्वच्छ. एक डाग नाही. त्यांनी तो उलटून पाहिला, जणू थेंब मागच्या बाजूला लपला असावा. आणि मग त्यांना ती जीभ आठवली. नळीला घट्ट गुंडाळलेली, आत दुहेरी लोकर घातलेली जीभ. लोकर ऑइल पिते. थेंब पडतच होता. तो पुठ्ठ्यावर पडत नव्हता, गोधडीत मुरत होता. आता इंजिन चालू आहे म्हटल्यावर तिथून थेंब नाही, धार लागली असेल. ती गोधडी भिजत भिजत वर गरम अंगापर्यंत जाणार. चढावर ते अंग लाल होणार. आणि पोरीला धूर दिसला तरी ती थांबणार नाही, कारण थांबू नकोस असं तिच्या आईनेच बजावून सांगितलंय.

बाईंनी हातातला पुठ्ठा टाकला. त्यांनी फोन लावला. दोनदा वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला.

"रागावलीये," बाई म्हणाल्या. "भाऊजी, तुमच्यावरून लावा."

दिरांचाही कापला गेला. आई काकांच्या फोनवरून बोलणार हे न कळण्याइतकी ती दूधखुळी नव्हती. शेजारच्या पंक्चरवाल्याचा फोन मागून लावला, तोवर फोनमधला ठरावीक आवाज सांगू लागला होता की हा क्रमांक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. म्हणजे घाट लागला होता.

बाईंनी दाराशी टांगलेला आग विझवायचा लाल नळकांडं ओढून काढलं, तार कापायची पक्कड आणि चामडी हातमोजे झग्याच्या खिशात कोंबले आणि दिरांच्या गाडीत जाऊन बसल्या. ती गाडी म्हणजे गल्लीतला चेष्टेचा विषय. टर्बो नाही, थाट नाही, आणि उभी राहील तिथे ऑइल सांडणारी. दीर मात्र तिला जिवापाड जपत. आज त्यांनी तिला जराही जपलं नाही.

"वहिनी, पट्टा लावा."

"तुम्ही समोर बघा."

चढ लागला तसं इंजिन रडायला लागलं. पुढे पोत्यांनी लादलेला ट्रक, त्याच्या मागे बस, आणि ओलांडायला जागा नाही. दिरांनी हॉर्नवरचा हात काढला नाही. बाई खिडकीतून डोकं बाहेर काढून बसल्या होत्या. बघायला नव्हे, वास घ्यायला. नव्या कापडाचा धूर जळक्या डिंकासारखा येतो, तो त्यांच्या नाकात कायमचा बसलेला होता. जळक्या ऑइलचा वास निराळा, घशात चिकटणारा. त्यांच्या उजव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चुरगळलेली होती, ती त्याच वासाची आठवण. फार पूर्वी यजमानांच्या डोळ्यांदेखत त्यांनी धुमसणारं बॉनेट एका झटक्यात वर उचललं होतं. आतल्या आगीला हवा मिळाली आणि ती सरळ हातावर आली. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी मुलीला तो हात दाखवून सांगितलं होतं, की धूर येणारं बॉनेट उघडायचं नसतं. पण लहानपणी सांगितलेलं कुणाला आठवतं? समोर धूर दिसला की माणसाचा हात आधी बॉनेटकडेच जातो.

एका वळणावर बस थोडी बाजूला झाली आणि दिरांनी गाडी घुसवली. समोरून येणारा मोटारसायकलवाला शिव्या देत गेला. त्यानंतरच्या वळणावर वास आला.

तो डिंकाचा नव्हता.

"भाऊजी," बाई एवढंच म्हणाल्या.

वळण संपलं आणि गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला, कठड्यापासून दूर, मोकळ्या जागेत उभी केलेली. बॉनेटच्या चारी फटींतून करडा धूर निघत होता. एक ट्रकवाला हातात पाण्याचा डबा घेऊन बॉनेटपाशी वाकलेला आणि मुलीने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं.

"अहो, पाणी टाकू द्या! जळतंय आत!"

"नाही म्हणते ना! उघडलं की भडकेल. ऑइलवर पाणी नको. डबा ठेवा खाली!"

बाई गाडी पुरती थांबायच्या आधीच उतरल्या आणि पडता पडता सावरल्या. मुलीने वळून पाहिलं. ती दचकली नाही, ओरडली नाही. नळकांडं बघून तिने फक्त सांगितलं, "बॉनेटची आतली कडी ओढलीये. बोटभर फट आहे. डाव्या बाजूने मार."

बाईंनी फटीत नळी घातली आणि दाबली. पांढरी भुकटी आत घुसली, चारी बाजूंनी ढग बाहेर आला. धूर थांबला. ट्रकवाल्याने "सुटलो बुवा" म्हणून डबा खाली ठेवला. बाई मात्र हलल्या नाहीत. आपण काय शिवलंय ते त्यांना ठाऊक होतं. आतली धग आतच धरून ठेवणारी वस्तू ती, पुन्हा पेटल्याशिवाय राहणार नव्हती. आणि पुन्हा फटीतून धुराची बारीक रेघ निघाली. बाईंनी पुन्हा दाबलं. थोडी भुकटी उडाली आणि नळकांडं फुसफुसून रिकामं झालं.

"काढायला हवी," बाई म्हणाल्या. "भाऊजी, माती गोळा करा. तू मागे हो."

"मी बॉनेट धरते."

"मागे हो म्हटलं ना!"

"आई, एकटीने बॉनेट धरून तार कशी कापशील?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग हातमोजे चढवले आणि मान हलवली. मुलीने बॉनेट हळूहळू, बाजूला उभं राहून, हातभर लांबवर तोंड ठेवून उचललं. आत निळसर ज्योत पुन्हा जिवंत होत होती. बाईंनी पक्कड घातली. आकडे त्यांनीच शिवलेले, तार त्यांनीच आवळलेली, कुठे कापायचं ते हातांना पाठ. पहिली तार तुटली, दुसरी तुटली. तिसरी दुहेरी होती, पोरीसाठी म्हणून घातलेली जास्तीची तार. ती काही केल्या तुटेना. झग्याच्या बाहीला धग लागली. बाईंनी दात खाऊन पक्कड पिरगाळली आणि सगळी गोधडी एकदम उपसून रस्त्यावर भिरकावली. ती भपकन पेटली. दिरांनी तिच्यावर ओंजळी ओंजळीने माती टाकली, ट्रकवाल्याने फावडं आणलं, आणि काही वेळाने रस्त्यावर नुसता एक धुमसता ढिगारा राहिला.

इंजिनाच्या वायरी जळल्या होत्या, गाडी आता दोरीनेच न्यावी लागणार होती. ऑइलच्या नळीतून थेंब पडत होता. टप, टप. आता तो सगळ्यांना दिसत होता.

बाई कठड्यावर बसल्या. "तू थांबलीस कशी? मी तर सांगितलं होतं, थांबू नकोस."

"वास वेगळा होता." मुलगी म्हणाली. "बाथरूमच्या दाराशी बसून तुझ्या झग्याला येणारा तो जळक्या डिंकाचा वास इतकी वर्षं घेतलाय. हा तो नव्हता."

"चूक माझी आहे गं. मधला भाग झाकला मी. नळीही झाकली. कुणाचा झाकत नाही, तुझा झाकला. मला भीती वाटत होती. तू जाणार म्हणून. ते बोलले नाही, आणि हे शिवत बसले."

मुलगी पुढे आली आणि तिने आईला मिठी मारली. जळक्या, कुसांनी भरलेल्या झग्यासकट.

"अगं लांब हो! खाज सुटेल!"

"सुटू दे."

ती सोडेना. बाईंनी थोडा वेळ हात लांब धरून ठेवले, मग तेही तिच्या पाठीवर ठेवले.

दीर घसा खाकरत जवळ आले. डेपोत हजर व्हायची वेळ टळत चालली होती, आणि ते कुणी बोलून दाखवत नव्हतं. बाईंच्या मनात आलं, आता परत चल म्हणायला याहून चांगलं निमित्त मिळायचं नाही. गाडी जळाली, जीव वाचला, कोण नाही म्हणेल? हे शब्द अगदी जिभेवर आले होते.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीची चावी द्या तिला."

दिरांनी एकदा आपल्या लाडक्या गाडीकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे पाहिलं आणि चावी पुढे केली. "क्लच हळू सोड गं. आणि ऑइल बघत जा, पिते ती."

बॅगा हलवल्या. मुलगी बसली, काच खाली केली, आईकडे बघत राहिली. बाईंना सांगायच्या शंभर गोष्टी आठवत होत्या. "जा," त्या म्हणाल्या. "उशीर होईल." गाडी रडत रडत चढाला लागली आणि वळणावर दिसेनाशी झाली. ती उभी होती तिथे रस्त्यावर ऑइलचे ताजे थेंब पडलेले होते. बाईंनी वाकून ते पाहिले, आणि काय आश्चर्य, त्यांना बरं वाटलं.

जळक्या गाडीशेजारी दोरी आणणाऱ्या माणसाची वाट बघत दीर-भावजय बराच वेळ बसून राहिले. घाटातल्या या वळणावर फोनला जेमतेम रेंज येत होती, बाईंनी तो मांडीवर ठेवला होता. कितीदा तरी त्यांचं बोट त्याच्याकडे गेलं आणि परत आलं. त्यांनी लावला नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा तो आपणहून वाजला.

"पोचले," मुलगी म्हणाली. "हजेरी लागली. साहेब म्हणाले, नव्या मुलीला काय झालंय, सारखी मान खाजवतेय."

बाई हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

"थंड पाण्याने अंघोळ कर," त्या म्हणाल्या. "गरम पाणी अजिबात नको. आणि ऐक..."

"काय?"

"झाली की सांग मला. मी इथे बसलेय."